अल्बम ऐकून स्वतःचं मत कसं बनवावं

आधी कूलर बंद करा. मराठवाड्यात मार्च ते जून तो घरोघरी घरघरत असतो आणि त्याची सलग घरघर नेमकी तानपुऱ्यावर आणि खर्जावर, म्हणजे खालच्या स्वरांवर, चढते. अशा खोलीत ऐकून 'अल्बम पोकळ वाटला' म्हणणं हा कलाकारावर अन्याय आहे. पहाटे पाच ते सात ही वेळ उत्तम. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून अल्बम आदल्या रात्रीच उतरवून ठेवा.

मोबाइलच्या स्पीकरवरून मत देऊ नका. त्यात डग्गा आणि बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाहीत, आणि रेगे व हिप-हॉप तर त्याच खालच्या आवाजावर उभे असतात. साधा तारेचा इअरफोन पुरे. आवाज फार बारीक ठेवलात तरी आधी खर्जच हरवतो. अ‍ॅपमधलं शफल (गाणी उलटसुलट क्रमानं वाजवणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) बंद करा, सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवणारं सेटिंग मात्र सुरू ठेवा. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जरा मोठ्यानं वाजणारं कानाला सरस वाटतं, त्यामुळे आजच्या पॉपपुढे जुनी रेकॉर्ड विनाकारण फिकी ठरते.

क्रम मोडू नका. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) मध्ये संतूर, बासरी आणि गिटार काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस उभा करतात. सुरुवात सकाळच्या अहिर भैरव रागानं होते, पुढे देस आणि पहाडी येतात. शफलवर तो दिवसच विस्कटतो.

खरी चूक होते ती मोजपट्टीत. ख्यालाची सवय असलेला माणूस जाझमध्ये आलाप शोधतो आणि कंटाळतो. तिथे आवर्तन मोजायचं असतं. अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) मधलं 'सो व्हॉट' लावा. संथ सुरुवात सरली की ठेका धरा: चार मात्रांचा एक खंड, असे ३२ खंड म्हणजे एक फेरा. पहिले १६ खंड एका पट्टीत, पुढचे आठ अर्ध्या स्वरानं वर, शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. दोन फेरे बोटांवर मोजले की एकल वादन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते आपोआप कळतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं ज्याला ठाऊक आहे त्याला हे अवघड नाही. भारुडाला मात्र ही मोजपट्टी लावू नका. तिथे शब्द स्वच्छ पोचतो का आणि टाळकऱ्यांचं उत्तर जिवंत आहे का, एवढंच पाहा. स्टुडिओत कीबोर्डचा थर चढवला की दोन्ही दबतात, आणि बाजारातल्या बऱ्याच भारुडांचं हेच होतं.

पहिल्यांदा ऐकताना काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा मिनिट-सेकंदासह टिपा: कुठे लय ओढली गेली, कुठे वाद्यांनी गळा झाकला. तिसऱ्यांदा आठवड्यानं ऐका. वहीत दोन रकाने ठेवा, 'मला रुचलं नाही' आणि 'त्यांना जमलं नाही'. बहुतेक तक्रारी पहिल्या रकान्यातल्या असतात. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहिलेली हवी. नसेल तर ती ओळ पहिल्या रकान्यात हलवा.