बेळगावच्या रूमवरून गावच्या कॉम्प्युटरवर कोडिंग

खानापूर, निपाणीकडच्या घरी चांगला डेस्कटॉप आणि बेळगावच्या रूमवर 4 जीबीचा जुना लॅपटॉप असेल, तर गणपतीला गावी जाल तेव्हा लॅपटॉपवरून तो डेस्कटॉप लांबून वापरायची सोय करून या. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर नेटवरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) चालू करणं सोपं आहे. खरी अडचण लाइट आणि नेटची, म्हणून सुरुवात तिथून करा.

खानापूरच्या पावसात लाइट जाणारच. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय (मदरबोर्डप्रमाणे नाव थोडं बदलतं) 'पॉवर ऑन'वर ठेवा. 'लास्ट स्टेट' ठेवलंत, तर घरच्यांनी बंद केलेला पीसी लाइट आल्यावरही बंदच राहील. लिनक्सवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर बूट होताना पासवर्ड विचारून मशीन तिथंच अडकतं. वाय-फायचा पासवर्ड एका यूजरपुरता साठवला असेल, तर लॉगिन होईपर्यंत नेट जोडलं जात नाही. सरळ लॅन केबल लावा. स्लीप आणि सस्पेंड पूर्ण बंद करा. यूपीएस घेतलात तर राउटर आणि फायबरचा डबाही त्यावरच हवा.

आता नेट. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला नेटचा पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानंही सुरू होत असेल, तर एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून पीसीकडे वळवण्यावर) कितीही रात्री घालवा, उपयोग नाही. अशा वेळी टेलस्केल (मशीनना खासगी नेटवर्कनं जोडणारं ॲप) दोन्ही मशीनवर टाका: दोन्ही बाजू आतून बाहेर जोडतात, त्यामुळे पोर्ट उघडावा लागत नाही. टेलस्केलमध्ये घरच्या मशीनची 'की एक्स्पायरी' (जोडणीच्या किल्लीची मुदत) आठवणीनं बंद करा, नाहीतर 180 दिवसांनी, बहुधा ऐन परीक्षेत, ते गायब होईल.

उबुंटूवर ओपनएसएसएच सर्व्हर टाका, लॅपटॉपवर ईडी25519 प्रकारची की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) बनवून तिचा पब्लिक भाग घरच्या मशीनवर चढवा. कीनं लॉगिन होतंय हे दुसऱ्या खिडकीत तपासल्याशिवाय पासवर्ड लॉगिन बंद करू नका. लांबणारी कामं टीमक्समध्येच (टर्मिनलचं सत्र मागे चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्येच) चालवा. जोडणी तुटली तरी प्रोग्राम मरत नाही. व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच एक्स्टेंशन फक्त लॅपटॉपवर लागतं.

निघण्यापूर्वी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. यूपीएससकट सगळं बंद करून दोन मिनिटांनी चालू करा आणि कीबोर्डला हात न लावता लॉगिन होतंय का बघा. नाही झालं, तर बेळगावची गाडी पुढची पकडा.