नव्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये दोष निघाला तर वॉरंटीचा दावा कसा करावा

नवी गिटार अॅम्पला जोडली आणि तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे नेकवरच्या, धातूच्या आडव्या दांडीवर) खरखरली, की ‘माल खराब निघाला’ हाच पहिला विचार येतो. बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो फक्त सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची जुळणी. हवामान बदललं की लाकूड थोडं हलतं, नेक वाकते, तारांची उंची बदलते. सेटअप सहसा वॉरंटीत बसत नाही, कारखान्यातला दोष बसतो. म्हणून दावा लिहिण्याआधी यातलं नेमकं काय आहे ते तपासा.

बिल, सिरीयल नंबर आणि खोक्याचे फोटो पहिल्याच दिवशी जपून ठेवा. परत करण्याची मुदत आणि वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदतीत बहुधा गिटार बदलून किंवा पैसे परत मिळतात, वॉरंटीत आधी दुरुस्तीच पुढे केली जाते. त्यामुळे पुढच्या सगळ्या तपासण्या त्या मुदतीतच उरका.

तारा सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. साधारण 0.2 ते 0.3 मिमी असेल तर नेक ठीक आहे. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक कमी-जास्त करणारा दांडा) पाव फेरा फिरवून बघता येतो, पण आधी माहितीपुस्तिका वाचा. रॉड नुसताच फिरत असेल, किंवा पूर्ण घट्ट होऊनही नेक सरळ होत नसेल, तर तो दोष आहे. तिथेच थांबा, जोर लावून रॉड तुटला तर दावाही गेला.

खरखर बऱ्याच फ्रेटवर असेल तर संशय सेटअपवर घ्या, एकाच जागी असेल तर फ्रेटवर. तीनच फ्रेटवर टेकेल अशी छोटी, कडक, सरळ पट्टी ठेवा. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. फ्रेटचा आणि तारेचा क्रमांक लिहून ठेवा.

फ्रेटची टोकं बोटाला टोचत असतील तर प्रकरण वादाचं होतं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि धातू बाहेर डोकावतो. कंपनी दोष हवेवर ढकलू शकते. खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवत असाल तर तसं कळवा.

आवाज येत नसेल तर आधी दुसरी केबल लावून बघा. गंमत वाटेल, पण कित्येक ‘बंद’ पिकअप (तारांचं कंपन टिपणारे भाग) तिथेच जिवंत होतात. तरीही नाही, तर बॅटरी नसलेल्या गिटारला केबल लावून तिच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटर जोडा. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचं पिकअप) साधारण 5 ते 7 किलो-ओहम दाखवते, हंबकर (दोन वेटोळ्यांचं) बहुधा त्याहून थोडं जास्त. आकडा 250 किंवा 500 किलो-ओहमच्या आसपास गेला तर मीटर फक्त व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा रोधक) मोजतंय; कॉइल किंवा तिची जोडणी तुटलेली आहे. सिंगल कॉइलची थोडी घरघर हा दोष नव्हे. तारांना हात लावल्यावर ती वाढत असेल तर मात्र अर्थिंगची जोडणी संशयास्पद आहे.

आता विक्रेत्याला लेखी कळवा. ‘आवाज बरा नाही’ असं लिहून काही होत नाही. असं लिहा: ‘पहिल्या तारेवर चौदावा फ्रेट दाबला की पंधराव्याचाच सूर येतो. पट्टी पंधराव्यावर डुगडुगते. नेकची फट 0.25 मिमी. तारा मूळच्याच आहेत.’ सोबत छोटा व्हिडिओ द्या: आधी शेजारचा चांगला फ्रेट, मग बिघडलेला, अॅम्पचा इफेक्ट बंद. दुरुस्ती हवी की बदली, आणि पाठवण्याचा खर्च कोण देणार, हेही त्याच पत्रात विचारा. फोनवर बोलणं झालं तरी ठरलेलं लिहून पाठवा.

उत्तर येईपर्यंत फ्रेट घासू नका, सोल्डर उकलू नका, पिकअप बदलू नका. चांगल्या हेतूने केलेला बदलही दावा फेटाळायला पुरतो.

पाठवायची वेळ आली तर तारा थोड्या सैल करा, काढू नका. ट्रेमोलोचा (सूर हलवण्याचा) दांडा असेल तर काढून ठेवा, तारांखाली मऊ कागद सरकवा. हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाला असलेल्या खुंट्यांच्या भागाच्या) मागे आणि नेकखाली भक्कम आधार द्या, कारण धक्क्याने मोडतं ते तिथेच. भरतानाचे फोटो काढा. परत आल्यावर त्याच फ्रेटवर तीच पट्टी ठेवून बघा, आणि फरक नसेल तर त्याच दिवशी जुन्या पत्राखालीच उत्तर लिहा.