सार्वजनिक चार्जिंगची भीती: या चुका टाळा

बॅटरी संपत आलेली, समोर चार्जिंग पॉइंट मोकळा, आणि तरीही ‘तिथे फोन लावला की खातं साफ’ हा फॉरवर्ड आठवून लोक फोन बंद पडू देतात. सगळ्यात मोठी चूक हीच. रात्री परक्या ठिकाणी बंद फोन घेऊन अडकणं हा त्याहून कितीतरी खरा धोका आहे.

‘ज्यूस जॅकिंग’, म्हणजे चार्जिंगच्या केबलमधून फोनमधला डेटा चोरणं, हा शब्द २०११ सालचा. त्या वर्षी डेफ कॉन या हॅकर परिषदेत लोकांना जागं करायला मुद्दाम एक चार्जिंग स्टेशन मांडलं होतं. यूएसबी केबलमधून विजेबरोबर डेटाही जातो आणि तेव्हाचे फोन त्याला फारसे अडवत नसत, म्हणून ती भीती रास्त होती. पुढे २०१३ मध्ये आयओएस ७ पासून आयफोन आधी परवानगी विचारू लागला आणि २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन आपणहून फक्त चार्जिंगच करतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने दिलेला ‘सार्वजनिक चार्जिंग टाळा’ हा इशारा जगभर फिरला, पण त्यामागे कुठलीही नवी घटना नव्हती. सार्वजनिक स्टेशनवर सामान्य माणसाचा फोन असा लुटल्याची एकही खात्रीशीर नोंद पुढे आलेली नाही.

म्हणून बिनधास्त व्हावं असं नाही. फोन लावल्यावर ‘ट्रस्ट धिस कॉम्प्युटर?’ किंवा फाइल ट्रान्सफरबद्दल विचारणा आली, तर घाईत ‘हो’ दाबू नका. साधा चार्जर असं विचारत नाही. पलीकडे डेटा मागणारं काहीतरी आहे. नकार द्या, केबल काढा.

अपडेट लांबणीवर टाकणं ही दुसरी चूक. ही ‘हो’ची परवानगी मुद्दाम तसा बनवलेला चार्जर स्वतःच देऊन टाकू शकतो, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं. ॲपल आणि गूगलने त्यावर उपाय केले, पण ते जुन्या सॉफ्टवेअरवर मिळत नाहीत. चार्जिंगला लावताना फोन लॉक ठेवा. स्वतःचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावला, तर डेटाचा प्रश्नच उरत नाही. आणि फोन तिथे सोडून जाऊ नका; तो उचलून नेणं कुठल्याही हॅकिंगपेक्षा सोपं आहे.

चुकून ‘ट्रस्ट’ दाबलं गेलंच, तर आयफोनमध्ये ‘रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी’ केलं की आधी दिलेल्या सगळ्या परवानग्या पुसल्या जातात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकाला फोनवर हुकूम चालवू देणारी सोय) बंद आहे ना, ते पाहा.