परदेशात राहायचे कागद: पासपोर्टची शेवटची तारीख धरून उलटं मोजा

नवीन देशात उतरलं की बहुतेक जण व्हिसावरची तारीख बघतात आणि निवांत होतात. पण व्हिसा बऱ्याच ठिकाणी फक्त आत यायची परवानगी असते, किती दिवस राहायचं ते दुसऱ्याच कागदावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत तो कागद म्हणजे आय-९४. एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी तीन वर्षांची आहे, पण पासपोर्ट दीड वर्षात संपतोय, तर एअरपोर्टवरचा ऑफिसर आय-९४ वर पासपोर्टचीच तारीख टाकू शकतो, आणि हे कोणी तोंडाने सांगत नाही, साइटवर जाऊन आपलं आपण बघायचं. आत आल्यावर दुसऱ्या दिवशीच बघा. बाकीच्या बऱ्याच देशांतही रेसिडेन्स कार्ड, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचं कार्ड, पासपोर्टच्या एक्सपायरीच्या पुढे देत नाहीत.

म्हणून पहिलं काम, पासपोर्टची शेवटची तारीख धरून मागे मोजत या. पुष्कळ देश आणि एअरलाइन्स सहा महिने व्हॅलिडिटी शिल्लक मागतात. त्याच्या आधी एम्बसीतून नवीन पासपोर्ट यायला लागणारा वेळ, आणि त्याच्याही आधी अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ धरा. मी तर म्हणेन वर्ष उरलं की कामाला लागा, लवकर केलं म्हणून काही बिघडत नाही. नवीन आल्यावर जुना टाकून देऊ नका, त्यात चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून प्रवास करता येतो, अमेरिकेचा व्हिसा असा चालतो. ब्रिटनमध्ये मात्र आता कार्डाऐवजी ई-व्हिसा आहे, जुनी बीआरपी, म्हणजे राहायच्या परवान्याची कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, तिथे नवीन पासपोर्टचा नंबर आपल्या ऑनलाइन अकाउंटला जोडावा लागतो, नाहीतर विमानतळावर काउंटरवाल्याला तुमचं स्टेटस दिसणारच नाही.

आता नाव. सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच होते. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात ना, बाणासारख्या खुणांच्या, त्यात नावासाठी ३९ अक्षरांची जागा असते, लांब नाव तिथे कापलं जातं. काही पासपोर्टांत मधलं नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात छापलेलं असतं, मग बँकेत एक नाव, पगारपत्रकात दुसरं, आरोग्य विम्यात तिसरंच. आडनावाशिवाय एकच नाव असेल तर अमेरिकेत ते आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं, आणि मग ते एफएनयू लायसन्सपासून सगळीकडे मागे लागतं. उपाय एकच, पहिल्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टमध्ये जसं आहे तसंच, त्याच क्रमाने लिहायचं, घरी काय म्हणतात ते विसरायचं. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट, मग रेसिडेन्स कार्ड, मग बाकी सगळं. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकीवर दोन नावं एकाच माणसाची आहेत हे पटवत बसाल.

पत्त्याचं काम लोक मागे ढकलतात, ढकलू नका. जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते आणि त्याला नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाची सही असलेलं वेगळं पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागून घ्या. त्या नोंदणीवरच पुढे टॅक्स नंबर येतो. जपानमध्येही घर ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन कार्डाच्या मागे पत्ता लिहून घ्यायचा, आणि ते कार्ड कायम खिशात हवं. अमेरिकेत पत्ता बदलला तर १० दिवसांत एआर-११ हा पत्ता कळवायचा फॉर्म भरायचा, ऑनलाइन होतो, फुकट आहे, तरी निम्म्या लोकांना माहीतच नसतो असं मला वाटतं.

जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, डिग्री, हे मायदेशातून निघायच्या आधीच तयार करून आणा. १९६१ च्या हेग करारातले देश अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लावलेला कागद मान्य करतात, चीन त्यात २०२३ मध्ये आला आणि कॅनडा २०२४ मध्ये, त्यामुळे जुनी माहिती वाचून एम्बसीत चकरा मारू नका. पण करारात असूनही काही देश एकमेकांचं अपोस्टिल घेत नाहीत, म्हणून जिथे कागद द्यायचाय त्याच ऑफिसला विचारून मगच पैसे भरा. भाषांतरही असंच, आधी अपोस्टिल लावा आणि मग भाषांतर करा, म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर त्यात येतं. भाषांतर करणारा तिकडच्या ऑफिसला चालणारा हवा.

रिन्यूअलचा अर्ज जुनं कार्ड संपायच्या आत गेला पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी बरंच काही बदलतं. जर्मनीत वेळेत अर्ज केला की मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद मिळतो. त्यावर तिथल्या राहण्याच्या कायद्याच्या कुठल्या कलमावर खूण आहे ते नीट बघा: ८१ (४) असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, ८१ (३) असेल तर तिकीट काढू नका. अमेरिकेत ग्रीन कार्डचा अर्ज (आय-४८५) पेंडिंग असताना अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, न घेता बाहेर गेलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात, एच आणि एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना थोडी सवलत आहे.

किती दिवस बाहेर राहिलं तर परवाना जातो हेही माहीत हवं. यूएईत साधा रेसिडेन्स व्हिसा सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की जातो, तिथल्या लांब मुदतीच्या गोल्डन व्हिसाला ही अट नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे परत आत यायच्या परवान्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा, बाहेरून होत नाही.

कार्ड हरवलं तर आधी पोलिसांत तक्रार आणि तिची कॉपी, मग बाकीचं. पासपोर्टही गेला असेल तर एम्बसी. तिथून मिळणारा इमर्जन्सी कागद बहुतेक वेळा फक्त घरी जाण्यापुरताच असतो, त्यावर परत कामाच्या देशात शिरता येईल असं धरू नका. सगळ्या कागदांचे दोन्ही बाजूंचे स्कॅन फोनशिवाय आणखी एका जागी ठेवा, फोनही बॅगेबरोबरच जातो.

आणि कायमचं निघताना तसंच उठून जाऊ नका. जर्मनीत घर सोडायच्या आठवडाभर आधीपासून ते सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत पत्त्याच्या नोंदणीतून नाव कमी करता येतं, त्याचा जो कागद मिळतो तो फोन, जिम, विमा असले करार तोडताना उपयोगी पडतो. जपानमध्ये रेसिडेन्स कार्ड एअरपोर्टवर परत देतात. यूएईत व्हिसा कंपनीने काढलेला असेल तर तो रद्द कंपनीच करते, ते झाल्याचा कागद हातात आल्यावरच तिकीट काढा.