फिटनेस ट्रेनरच्या परीक्षेला बसताय? या चुका टाळा

लातूर-नांदेड-बीडकडची पोरं मेहनतीला कमी नाहीत. पहाटे पोलीस भरतीचं ग्राउंड, संध्याकाळी जिम. पण ट्रेनरच्या सर्टिफिकेटची प्रॅक्टिकल जवळ आली की त्याच त्या चुका दिसतात, कारण सगळी तयारी स्वतःच्या शरीराची असते. समोरच्या क्लायंटकडे बघायची सवय कुणी लावूनच घेत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पार-क्यू, म्हणजे व्यायामाआधीच्या तब्येतीच्या प्रश्नांचा फॉर्म, भरून घ्यायचा आणि वाचायचा नाही. छातीत दुखतं का, चक्कर येते का, गोळ्या चालू आहेत का, हे त्यात विचारलेलं असतं. पोरं सही घेतात आणि मोकळी होतात.

परीक्षेआधी आम्ही जिमच्या मेंबरवरच सराव करून घेतो. एका पोराच्या वाट्याला साठीचे निवृत्त गुरुजी आले. हिशेब तोंडपाठ: 220 वजा वय म्हणजे जास्तीत जास्त नाडी; 220 वजा 60 म्हणजे 160, त्याचे 70 ते 80 टक्के म्हणजे 112 ते 128. ट्रेडमिलवर गुरुजींची नाडी काही 100 च्या पुढं जाईना. हा आपला स्पीड वाढवतोय, चढ वाढवतोय. गुरुजींनी दांडी घट्ट धरलेली, दोन शब्द बोलायचे तर मध्ये दम घेत होते. मी मशीन हळूहळू कमी करायला लावलं आणि पोराला विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"सर, ते फॉर्मात असंल."

होतंच. बीपीसाठी बीटा ब्लॉकर. ही गोळी नाडी फार वाढूच देत नाही, त्यामुळं 220 चं सूत्र तिथं निरुपयोगी. अशा माणसाला आधी डॉक्टरांची परवानगी आणायला सांगायची. मग व्यायाम किती जड जातोय ते विचारायचं, बोर्गच्या 6 ते 20 च्या पट्टीवर (6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे पुरती दमछाक) 12-13 च्या आसपास ठेवायचं आणि बोलता येतंय का यावर लक्ष ठेवायचं. आता माझ्याकडं प्रत्येक पोरगा फॉर्म क्लायंटसमोर मोठ्यानं वाचतो, मगच मशीनला हात लावतो. वेळ जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक डेमोची. स्क्वॉट असा देखणा मारतात की बघत राहावं, आणि क्लायंट करायला लागला की हे आरशात बघत उभे. त्याच्या टाचा उचलल्यात, गुडघे आत पडतायत, यांना पत्ता नाही. बाजूनं बघा, समोरून बघा. आणि एका वेळी एकच सूचना द्या: "टाच टेकवा." ती जमली की पुढची. पाच सूचना एकदम दिल्या की माणूस गोंधळून उभाच राहतो. बेंच प्रेसला स्पॉटिंग करताना, म्हणजे वजन उचलणाऱ्याला आधार द्यायला उभं असताना, मोबाइल खिशातसुद्धा नको.

विश्रांतीची नाडी मोजायची तर क्लायंटला आधी पाच मिनिटं शांत बसवा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हातून गाडीवर आलेल्या माणसाचा आकडा खरा नसतो. अंगठ्यानं मोजू नका, त्याला स्वतःचे ठोके असतात.

शुगरवाल्याला डाएट प्लॅन लिहून द्यायचा नाही. ते आहारतज्ज्ञाचं काम आहे. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात, आणि पोरं हमखास प्रोटीन पावडरचं नाव सांगून बसतात.

"दोन दिवसांत सर्टिफिकेट" वाल्यांकडं पैसे घालू नका. घाई असणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्या हाताखाली कुणाचे तरी आई-वडील व्यायाम करणार असतात. फी भरण्याआधी कोर्सला मान्यता कुणाची आणि एनएसक्यूएफचा (सरकारच्या कौशल्य-पात्रता चौकटीचा) स्तर कोणता, हे कागदावर बघा.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून श्वास देणं, व्हिडिओ बघून येत नाही. मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 30 दाबांनंतर 2 श्वास. हे पाठ असतं सगळ्यांना, पण दोन मिनिटांत हात भरून येतात आणि दाब उथळ होतो. कोपर न वाकवता, खांद्यातून वजन टाकायचं. जिथं सीपीआरच्या सरावाचा पुतळा असेल तिथं जाऊन करा, उशीवर करू नका.