विद्यापीठातल्या कॅसेट आणि व्हीएचएस टेप डिजिटल ग्रंथालयात कशा आणाव्यात

डिजिटल ग्रंथालय म्हटले की पहिली फाइल फिरते ती सर्व्हर खरेदीची. सर्व्हर सहा महिने उशिरा आला तरी बिघडत नाही. कपाटातल्या ध्वनिफिती आणि चित्रफिती मात्र थांबत नाहीत. त्या दर पावसाळ्यात खराब होतात, आणि त्या वाजवणारी चांगली यंत्रे आता मिळेनाशी झाली आहेत. म्हणून सुरुवात कपाटापासून करा.

प्रत्येक फितीला दाखल क्रमांक द्या. नोंदवहीत प्रकार, अंदाजे लांबी, अवस्था आणि लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा. त्यातल्या चुकाही तशाच ठेवा, कारण पुढे ओळख पटवायला त्यांचाच उपयोग होतो. मग क्रम लावा. क्षेत्रकार्यातल्या मुलाखती, लोकगीते, विभागात झालेली व्याख्याने, म्हणजे ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते सगळे आधी. बाजारात विकत मिळालेल्या कॅसेट शेवटी.

फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजा. अशी फीत वाजवू नका. हेडला, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागलेली बुरशी पुढच्या दहा फितींना लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्या. उरलेल्या फितींच्या मागच्या बाजूची पुसण्यापासून वाचवणारी पट्टी मोडली आहे ना, हे पाहा आणि नसेल तर मोडा. चुकून दाबलेल्या रेकॉर्डच्या बटणाने मूळ मुलाखत कायमची जाते.

ध्वनिफीत

चांगला कॅसेट डेक आणि बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज डिजिटल करून संगणकात नेणारे उपकरण) वापरा. संगणकाच्या मायक्रोफोनच्या खाचेतून कधीही ध्वनिमुद्रण करू नका. दर काही कॅसेटनंतर हेड आणि पिंच रोलर (फीत पुढे ओढणारे रबरी चाक) स्वच्छ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. रबरी रोलरला ते कमीत कमी लावा, रबर कडक होते. वर्षानुवर्षे पडून असलेली फीत आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात.

आवाज दबलेला, घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर लगेच ट्रेबल वाढवू नका. मुद्रण ज्या यंत्रावर झाले त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकपेक्षा वेगळा असतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवत, दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐका. ‘स’ आणि ‘श’ जिथे सर्वांत स्पष्ट येतात तिथे थांबा. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो, तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पडत नाही.

मूळ प्रत, म्हणजे जतनाची डिजिटल फाइल, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. या प्रतीवर खरखर काढण्याची प्रक्रिया करू नका. ती करायची तर ऐकण्याच्या प्रतीवर. स्टिरिओत तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. सी-६० कॅसेट तासभर वाजते, पण तयारी, तपासणी आणि नोंद धरून दोन ते अडीच तासांचे काम समजा. मनुष्यबळाचा हिशेब याच आकड्यावर करा.

चित्रफीत

इथे जागा भराभर जाते. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचे ७२० बाय ५७६ चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, ८ बिट, न दाबता ठेवले तर तासाला सुमारे ७५ जीबी होते. एफएफव्ही१ या कोडेकने (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीने) एम्‌केव्ही फाइलमध्ये ठेवले तर गुणवत्तेत काहीही न गमावता ते निम्म्याहूनही खाली येते. दोन तासांच्या २०० टेप असतील आणि तासाला ३० जीबी धरले, तर १२ टीबी. एक तासाच्या ५०० ध्वनिफिती मिळून जेमतेम १ टीबी.

सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे टेपच्या शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत. जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असतो, स्वस्त कॅप्चर उपकरण मधल्या फ्रेम गाळते आणि आवाज मात्र अखंड चालू राहतो. यावर उपाय टाइम बेस करेक्टरचा, म्हणजे डळमळीत सिग्नलची वेळ नीट करणाऱ्या उपकरणाचा. तो प्लेअरमध्येच असेल तर उत्तम. चित्र आणि आवाज एकाच उपकरणातून घ्या आणि तपासणी सुरुवातीला न करता शेवटच्या पाच मिनिटांवर करा.

पाहण्याची प्रत एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने बनवा: एच.२६४, ४:२:० रंगनमुना, एएसी आवाज. आंतरगुंफित ओळी (जुन्या टीव्हीसाठी एकाआड एक ओळींत विभागलेले चित्र) इथेच काढा, मूळ प्रतीत नाही. चित्र ७६८ बाय ५७६ करा, नाहीतर माणसे उभट दिसतात. फाइलची सूची सुरुवातीला आणणारा ‘फास्टस्टार्ट’ पर्याय विसरलात, तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत चित्र सुरूच होत नाही असे अनेकदा घडते. दीड मेगाबिट वेगाला तासाचे सुमारे ६७५ एमबी होतात. वसतिगृहात मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी ५०० किलोबिटची आणखी एक प्रत ठेवा.

नोंद

सगळ्या कामाचा जीव यात आहे. ‘व्याख्यान, बाजू अ’ एवढ्याच नोंदीची फाइल कुणालाही कधीच सापडणार नाही. डब्लिन कोअर या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातली १५ मूलभूत क्षेत्रे (रकाने) पुरतात. पण वक्ता किंवा गायिका, गाव, तारीख, बोली आणि मुद्रण करणारा, हे भरल्याशिवाय नोंद पुढे जाऊ देऊ नका. प्रत्येक दहा मिनिटांना एक ओळीची वेळसूची लिहा. आवाज ओळखणारे निवृत्त प्राध्यापक आज आहेत. त्यांना आत्ताच बोलावून ऐकवा. जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या कामातून उभा राहिला, तिथे ओवीबरोबर गाणारी बाई आणि तिचे गावही नोंदलेले आहे, हे मुद्दाम पाहण्यासारखे.

मराठीची स्वतःची अडचण प्रत्ययांची. ‘शेतकऱ्यांचे’ असा विषय लिहिला तर ‘शेतकरी’ शोधणाऱ्याला तो मिळेलच असे नाही. विषयशीर्षके प्रथमेच्या एकवचनात द्या. व्यक्तिनामांची एक प्रमाण यादी करा, म्हणजे ‘पु. ल.’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’ एकाच ठिकाणी येतील. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या आधी युनिकोडमध्ये बदला आणि ऱ्य, ऱ्ह नजरेने तपासा. रूपांतरात तेच मोडतात. फाइलींची नावे मात्र रोमन अक्षरे आणि आकड्यांत, दाखल क्रमांकावरूनच ठेवा.

सर्व्हर

भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह शोधगंगा ज्यावर चालतो तेच डीस्पेस हे सॉफ्टवेअर इथे योग्य. त्यात फक्त पाहण्याच्या प्रती चढवा. मूळ प्रतींचा ठावठिकाणा आणि चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) नोंदीत लिहा. आवृत्ती ७ मध्ये व्हिडिओ दाखवणारा मीडिया व्ह्यूअर मुळात बंद असतो, तो कॉन्फिगरेशनमध्ये चालू करावा लागतो. एका फाइलची मूळ मर्यादा ५१२ एमबी आहे आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची १ एमबी. दोन्ही वाढवल्याशिवाय मोठी फाइल चढत नाही आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

प्रताधिकार कायदा १९५७ मधल्या २०१२ च्या दुरुस्तीने, अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे आधीच डिजिटल नसलेली प्रत असेल तर जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीला परवानगी दिली. जतन म्हणजे सर्वांना खुले करणे नव्हे. कलाकाराचा हक्क ५० वर्षे चालतो. विद्यापीठाच्या विधी विभागाचे लेखी मत घ्या. संमतीपत्र नसलेल्या मुलाखती ग्रंथालयातल्या संगणकापुरत्याच ठेवा.

मूळ प्रती तीन ठेवा: दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत, आणि एक तरी संगणकापासून तोडलेली, म्हणजे खंडणीखोर व्हायरस तिथवर पोहोचत नाही. दर सहा महिन्यांनी चेकसम जुळवून पाहा. जिथे जुळणार नाही तिथे ती प्रत त्याच दिवशी दुसऱ्या चांगल्या प्रतीवरून बदला आणि नोंदवहीत तारीख घाला. मूळ फिती टाकून देऊ नका.