अ‍ॅबलोनी ओळखताना या चुका टाळा

“काका, अ‍ॅबलोनी सापडली!” हिवाळ्यात ओहोटीला मुंबईत बँडस्टँडच्या खडकांवर पोरांना घेऊन गेलो की ही आरोळी ठरलेलीच. अ‍ॅबलोनी म्हणजे खडकाला चिकटून राहणारी एक समुद्री गोगलगाय. आजवर माझ्या हातात एकदाही खरी आलेली नाही.

मोठी चूक एकच: भोकं दिसली की अ‍ॅबलोनी. मागे एका पोराने चाळण झालेलं कवच आणलं. मोबाईलमधल्या अ‍ॅपने “हॅलिओटिस”, म्हणजे अ‍ॅबलोनीचं शास्त्रीय नाव, सांगितलं होतं आणि माझ्याकडे पोहोचेपर्यंत फोटो तीन ग्रुपवर जाऊन अभिनंदनही झालं होतं. निघालं काय, तर कालवाचं जुनं कवच. क्लायोना नावाचा स्पंज असली कवचं पोखरतो, आणि त्याची भोकं कुठेही, कशीही असतात. अ‍ॅबलोनीची भोकं कडेने वळणदार रांगेत येतात. श्वासासाठी आत घेतलेलं पाणी तिथून बाहेर पडतं, आणि कवच वाढतं तशी मागची बुजत जातात. त्यामुळे जात ओळखायची तर फक्त उघडी भोकं मोजायची. कॅलिफोर्नियाच्या लाल अ‍ॅबलोनीला बहुधा 3-4, काळीला 5 ते 7. मी पिशवीत खराट्याची हीर ठेवतो. आरपार गेली तर भोक, नाहीतर नुसता खळगा. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, पण अ‍ॅप उघडणाऱ्याला तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक: किनाऱ्यावर सापडलं म्हणजे इथलंच. गुळगुळीत, निळंहिरवं झगझगणारं कवच असेल तर ते शोभेच्या दुकानातून आलं असावं, अशी शंका आधी घ्या. पाउआ ही निळ्याहिरव्या चमकेची अ‍ॅबलोनी तर न्यूझीलंडची. पॉलिश करताना वरचा थर जातो, मग रंगावरून जात सांगण्यात अर्थ नाही. भारतातली हॅलिओटिस वारिया बघायची तर मन्नारच्या आखाताकडे, तुतिकोरिनच्या बाजूला जा. तिला खारं, खेळतं पाणी, चिकटायला खडक आणि चरायला शेवाळ लागतं. आपल्याकडचा खाडीचा गाळ आणि पावसाळ्यातलं गोडं पाणी बघून कुठे शोधायचं ते ठरवा.

आतून मोत्यासारखं चमकणारं, पण तोंडाला झाकण असलेलं? तो दुसराच शंख. अ‍ॅबलोनीला झाकण नसतं.

आणि चाकू घरी ठेवा. चिकटलेला जीव खरवडून काढून मग “हा कोण?” विचारणाऱ्यांशी मी बोलत नाही. अ‍ॅबलोनीचं रक्त गोठत नाही. जखम खोल झाली की ती मरते. उलटलेला दगड होता तसा ठेवा, ओल्या बाजूने खाली.